तीच ओळ फोनवर १ २ २, लॅबमध्ये ३ ३ १: आर्ग्युमेंटमध्ये आधी कोणाचा नंबर लागतो?

आधी या दोन ओळी बघा.

अ = १;
प्रिंटएफ(अ, ++अ, अ++);

सी शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ही ओळ किंवा तिची एखादी सख्खी बहीण प्रश्नपत्रिकेत पाहिलेली असते. (कोड मी मुद्दाम देवनागरीत लिहिलाय आणि प्रिंटएफमधला अवतरण चिन्हांतला भाग गाळलाय, म्हणजे लक्ष मुद्द्यावर राहील. स्वतः चालवून बघताना नेहमीसारखं इंग्रजीतच टाईप करा.) प्रश्न एकच असतो: स्क्रीनवर काय छापून येईल?

मी जामला राहतो. समुद्रपूर तालुक्यातलं, हायवेवरचं गाव. आमच्या इथली पॉलिटेक्निकला जाणारी एक मुलगी परवा फोन घेऊन आली. तिच्याकडे लॅपटॉप नाही, पण फोनमध्ये टर्मक्स टाकलेलं आहे आणि त्यात ती सी चालवते. म्हणाली, "दादा, फोनवर १ २ २ येऊन राहिलं आन् कॉलेजच्या लॅबमध्ये ३ ३ १. सर म्हणतात ३ ३ १ बरोबर. मंग फोनवरचं बेकार आहे का?"

फोनवरचं बेकार नाही. लॅबमधलंही बेकार नाही. बेकार आहे ती ओळ. पण एवढं सांगून भागत नाही, कारण "३ ३ १ का येतं" याचं एक तयार उत्तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतलं जातं, आणि ते उत्तर ऐकायला इतकं पटतं की पुढे कोणी प्रश्नच विचारत नाही. आज त्याच उत्तराची चिरफाड करू.

पाठ करून घेतलेलं उत्तर

ते उत्तर असं: सी भाषेत आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे जातात. म्हणून आधी अ++ सुटतं, तिथे १ मिळतो आणि अ होतो २. मग ++अ, म्हणजे ३. मग शेवटी नुसता अ, तोही ३. छापताना डावीकडून वाचायचं, म्हणून ३ ३ १.

हे कुठून आलं? आपल्या भागापुरतं बोलायचं तर त्याचा माग थेट नागपूरपर्यंत जातो. यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' हे पुस्तक माहीत नाही असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शोधावा लागेल. कानेटकर नागपूरचे, आणि त्यांच्या त्या पुस्तकाने भारतभरच्या मुलांना सी शिकवली. या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये फंक्शनच्या प्रकरणात नेमकं हेच उदाहरण आहे आणि त्याचं कारण 'कॉलिंग कन्व्हेन्शन' असं दिलेलं आहे. ज्या काळात ते लिहिलं गेलं तेव्हा आपल्याकडच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी बोरलँडचा टर्बो सी असायचा. निळी स्क्रीन, डॉस, १९८७ साली बाजारात आलेला. त्यावर ही ओळ चालवली की खरंच ३ ३ १ यायचं. म्हणजे पुस्तकात छापलेलं आउटपुट खोटं नव्हतं. समोरच्या मशीनवर तेच दिसत होतं.

गडबड आउटपुटमध्ये नाही, कारणात आहे. दोन वेगळ्या गोष्टी तिथे एक झाल्यात.

पोचवणं वेगळं, सोडवणं वेगळं

फंक्शन कॉल करताना दोन कामं होतात. एक म्हणजे प्रत्येक आर्ग्युमेंटची किंमत काढणं. ++अ म्हणजे नेमकं किती, हे हिशोब करून ठरवणं. याला इव्हॅल्युएशन म्हणतात. दुसरं म्हणजे त्या किमती फंक्शनला सापडतील अशा ठरलेल्या जागी ठेवणं. कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात ते या दुसऱ्या कामाला. पहिल्या कामाबद्दल ते अवाक्षर बोलत नाही.

जुन्या इंटेल मशीनवर सीच्या फंक्शनला आर्ग्युमेंट स्टॅकवर ठेवून दिले जायचे. थाळ्या एकावर एक रचतो तसा स्टॅक. सगळ्यात शेवटी ठेवलेली थाळी सगळ्यात वर. ठेवताना शेवटच्या आर्ग्युमेंटपासून सुरुवात करायचे, म्हणजे पहिला आर्ग्युमेंट वर राहतो. यामागे पक्कं कारण आहे. प्रिंटएफला किती आर्ग्युमेंट येणार हे आधी माहीत नसतं. कधी दोन, कधी दहा. ते त्याला पहिल्या आर्ग्युमेंटमधली सूचना वाचूनच कळतं. तो पहिला आर्ग्युमेंट हमखास सापडेल अशा जागी हवा, आणि 'सगळ्यात वर' ही तशी जागा.

आता कंपायलर लिहिणाऱ्याचा विचार करा. ठेवायचं उजवीकडून आहे, तर हिशोबही उजवीकडूनच करावा, एक काढला की लगेच ठेवला. हे त्याच्या सोयीचं. पण सगळ्यांच्या किमती डावीकडून काढून घेतल्या आणि नंतर उजवीकडून ठेवल्या, तरी कन्व्हेन्शन मोडत नाही. दोन्ही चालतं.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन घ्या. त्यात बहुतेक करून ६४ बिटचा आर्म प्रोसेसर आहे. तिथे साध्या आकड्यांचे पहिले आठ आर्ग्युमेंट स्टॅकवर जातच नाहीत, प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टर नावाच्या खणांमध्ये जातात. थाळ्याच नाहीत, तर वरची कोणती आणि खालची कोणती? टर्मक्समध्ये जो कंपायलर येतो त्याचं नाव क्लँग. तो डावीकडून हिशोब करत जातो: अ म्हणजे १, ++अ म्हणजे २, अ++ म्हणजे २ (आणि त्यानंतर अ होतो ३). म्हणून १ २ २. लॅबमध्ये जीसीसी असेल तर तो सहसा उजवीकडून सुरू करतो. म्हणून ३ ३ १.

"सी उजवीकडून डावीकडे सोडवते" हे वाक्य म्हणजे "माझ्या मामाकडे सगळे सकाळी पाच वाजता उठतात, म्हणून भारतात सगळे पाच वाजता उठतात" असं म्हणण्यासारखं आहे. मामाकडचं खरं आहे हो. पुढचं नाही.

भाषा स्वतः काय म्हणते

सी बनवली डेनिस रिची यांनी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. त्यांनी ब्रायन कर्निघन यांच्यासोबत १९७८ साली सीचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकातच स्पष्ट सांगितलंय की फंक्शनचे आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने सोडवले जातील हे भाषेने ठरवलेलं नाही. आणि नमुना म्हणून दिलीय ती ओळही प्रिंटएफचीच, एका आर्ग्युमेंटमध्ये ++ आणि शेजारच्यात तोच व्हेरिएबल, वर 'हे चूक' असा शेरा. म्हणजे ज्या धाटणीची ओळ आपण परीक्षेत सोडवायला देतो, तीच ओळ भाषेच्या कर्त्याने 'असं लिहू नका' म्हणून दाखवली होती. १९८९मध्ये सीचं अधिकृत मानक आलं, त्यातही क्रम मोकळाच ठेवला. आजही तो मोकळाच आहे.

मोकळा ठेवला म्हणजे काय, हे जामच्या भाषेत सांगतो. नागपूरहून येणारा हायवे आमच्या चौरस्त्यावर फुटतो. एक रस्ता हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. समजा मालकाने ड्रायव्हरला सांगितलं, "हिंगणघाटला एक खोकं टाक, वरोऱ्याला एक टाक, अन् ये." आधी कुठे जायचं ते सांगितलं नाही. ड्रायव्हर डिझेल बघून, ऊन बघून ठरवेल. दोन्ही खोकी पोचली की काम झालं. आता त्याच मालकाच्या मनात असं होतं की हिंगणघाटला मिळालेले पैसे वरोऱ्याच्या दुकानात भरायचे. ड्रायव्हर आधी वरोऱ्याला गेला तर खिसा रिकामा. चूक कोणाची? ड्रायव्हरला दोष देता येत नाही. क्रम मालकाच्या डोक्यात होता, सांगण्यात नव्हता.

कंपायलर म्हणजे हा ड्रायव्हर. त्याला मोकळीक दिली ती वेगासाठी. वेगवेगळ्या प्रोसेसरवर जो क्रम स्वस्त पडेल तो घे, अशी.

आणि आपल्या अ, ++अ, अ++ वाल्या ओळीची अवस्था तर याहून वाईट आहे. तिच्यात एकच व्हेरिएबल दोन जागी बदलला जातो आणि त्या दोन बदलांमध्ये कोण आधी हे ठरलेलं नाही. अशा ओळीला सीचं मानक 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतं. म्हणजे दोनपैकी एखादा क्रम तरी मिळेल, एवढीसुद्धा हमी नाही. कंपायलरने काहीही केलं तरी ते नियमात बसतं. म्हणून या प्रश्नाचं खरं उत्तर आकड्यांत देताच येत नाही.

राजेहो, पेपरात मग काय लिहायचं, हा प्रश्न मला कळतो. पर्यायांमध्ये 'कंपायलरवर अवलंबून' किंवा 'अनडिफाइन्ड' असेल तर डोळे झाकून तो निवडा. नसेल तर पेपर काढणाऱ्याला ३ ३ १ हवंय हे उघड आहे. मार्क घ्या आणि पुढे चला. फक्त मनात हे ठेवा की तुम्ही पेपर काढणाऱ्याच्या कंपायलरबद्दल उत्तर दिलंय, सीबद्दल नाही.

कापसाच्या काट्यावर हेच झालं तर

"पण दादा, असं ++ बिनकामाचं कोण लिहितं?" बरोबर आहे. नोकरीत ही ओळ कोणी लिहीत नाही. खरा बग निराळ्या कपड्यात येतो, आणि तो ओळखू येत नाही.

आमच्याकडे कापूस. हंगामात हिंगणघाटकडे भरलेल्या गाड्यांची रीघ असते. गाडी जिनिंगला आली की आधी भरल्या गाडीचं वजन होतं, मग कापूस उतरवतात, मग रिकाम्या गाडीचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की शेतकऱ्याचा माल किती ते निघतं. समजा, या काट्यासाठी तुम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिलात. वजन_घे() नावाचं फंक्शन आहे. ते काट्यावरून पुढचं वजन वाचून आणतं. आणि एक फंक्शन निव्वळ(भरलेलं, रिकामं), जे वजाबाकी करतं. मग तुम्ही मोठ्या हौसेने एका ओळीत लिहिलं:

माल = निव्वळ(वजन_घे(), वजन_घे());

वाचायला किती छान. पहिलं वजन भरलेल्याचं, दुसरं रिकाम्याचं. फोनवर क्लँगने चालवून बघितलं. २८६० आणि १६४० असे आकडे दिले, उत्तर १२२० किलो. झकास. मग तोच प्रोग्राम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जीसीसीने तयार केला. तिथे उजवीकडचं वजन_घे() आधी चाललं. म्हणजे काट्यावरचं पहिलं वजन, २८६०, गेलं 'रिकामं'च्या जागी, आणि १६४० 'भरलेलं'च्या. उत्तर उणे १२२०.

इथे ++ कुठेही नाही. प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी अचूक आहे. आणि ही ओळ अनडिफाइन्डही नाही. दोन फंक्शन एकमेकांत मिसळत नाहीत, एक पूर्ण झाल्यावरच दुसरं चालतं. फक्त कोणतं आधी ते ठरलेलं नाही. मानकात याला 'अनस्पेसिफाइड' म्हणतात. दोन्ही उत्तरं कायदेशीर.

उणे उत्तर आलं तर निदान कोणीतरी ओरडेल. पण मला भीती वाटते ती पुढच्या माणसाची, जो 'मायनस येऊन राहिलं' म्हणून चिन्ह काढून टाकतो. आता उत्तर १२२० दिसतं, सगळे खूश. पावतीवर मात्र भरलेली गाडी १६४० आणि रिकामी २८६० असं छापलं जातंय. आणि रिकामी येऊन सरकी किंवा गाठी भरून नेणारी गाडी आली की तिचं पहिलं वजन मुळातच रिकाम्याचं असतं. चिन्ह काढून टाकल्यावर कोणती गाडी माल टाकून गेली आणि कोणती घेऊन गेली हे प्रोग्रामला कळण्याचा एकमेव पुरावाच गेला. उद्या पावतीवरून वाद झाला तर शेतकरी काय दाखवणार?

उपाय इतका साधा आहे की लोकांना तो कमीपणाचा वाटतो.

भरलेलं = वजन_घे();
रिकामं = वजन_घे();
माल = निव्वळ(भरलेलं, रिकामं);

सीमध्ये अर्धविराम आला की त्याआधीचं सगळं पूर्ण झालेलं असतं, ही भाषेची हमी आहे. तीन ओळी लिहिल्या म्हणून प्रोग्राम हळू होत नाही. कंपायलर हुशार असतो, त्याला या जादा व्हेरिएबलचं काही ओझं वाटत नाही.

कोडिंग स्पर्धांमध्ये भाग घेणाऱ्यांनी तर हे कोरून ठेवावं. बिंदू(वाच(), वाच()) असं लिहून एक्स आणि वाय वाचणारे खूप जण आहेत. सी प्लस प्लसमध्ये दोन्ही उलटे येऊ शकतात, आणि ज्या चाचणीत एक्स आणि वाय सारखेच असतात तिथे बग दिसतही नाही. सी प्लस प्लसमध्ये गोल कंसाऐवजी महिरपी कंसात लिहिलं तर २०११च्या मानकापासून डावीकडून उजवीकडे क्रमाची हमी आहे. एक कंस बदलला की नियम बदलतो. भाषा सुंदर असते ती अशी!

मोठ्यांनाही चुकलेलं आहे

सी प्लस प्लसचे जनक ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप. २०१३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत एक छोटं उदाहरण होतं: एका वाक्यातले काही शब्द शोधून बदलायचे, एकाला जोडून एक अशी तीन फंक्शन लावून. वाचायला सरळ. पण 'शोध'चं काम 'बदल'च्या आधी होईल की नंतर हे तेव्हाच्या नियमांत ठरलेलं नव्हतं. आधी शोधलं आणि मग वाक्य बदललं, तर शोधून आणलेली जागा शिळी झालेली असते आणि भलताच शब्द कापला जातो. ते उदाहरण जगभरच्या जाणकारांनी तपासलं होतं आणि तरीही दोष निसटला. शेवटी तो एका टूलला सापडला.

हेच उदाहरण पुढे करून स्ट्रौस्ट्रुप यांच्यासह भाषेच्या समितीतल्या काही जणांनी क्रम ठरवून टाकायचा प्रस्ताव मांडला, आणि सी प्लस प्लस १७मध्ये अशा साखळीचा क्रम पक्का झाला. फंक्शनच्या आर्ग्युमेंटचा मात्र तेव्हाही झाला नाही. एक आर्ग्युमेंट पूर्ण सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच ठरलं. कोणाचा नंबर आधी, ते अजून ड्रायव्हरच्या हातात.

जावा, पायथन, जावास्क्रिप्टवाले सुटले का?

थोडेफार. जावाने सुरुवातीपासूनच डावीकडून उजवीकडे असा नियम केला. अँड्रॉइडवर चालणारी कोटलिन तसंच करते. पायथन आणि जावास्क्रिप्टही. या भाषांमध्ये काट्यावालं उदाहरण कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर १२२०च देईल. गंमत म्हणजे जावाचं अधिकृत मानक हमी देतं आणि लगेच सांगतं की या हमीवर फार विसंबून कोड लिहू नका, वाचणाऱ्याला कळत नाही. मला हा सल्ला पटतो.

पायथनच्याही घडीत एक सुरकुती होती. डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शनमध्ये, जिथे आपण किल्ली आणि किंमत अशी जोडी बनवतो, तिथे २०१९मधल्या ३.८ आवृत्तीच्या आधी नेहमीचा पायथन किंमत आधी काढायचा आणि किल्ली नंतर. डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट. ३.८पासून ते सरळ केलं.

पायथनमध्ये आणखी एक फसवणूक आहे, ती क्रमाची नाही, वेळेची. फंक्शनच्या व्याख्येत यादी=[] असा डीफॉल्ट लिहिला तर ती रिकामी यादी फंक्शन बनताना एकदाच तयार होते, प्रत्येक कॉलला नवी होत नाही. पहिल्या शेतकऱ्याच्या गाड्या त्या यादीत टाकल्या की दुसऱ्याच्या नावाखालीही त्या दिसतात.

पण तुमच्यापैकी बरेच जण वेबसाईट आणि ॲप बनवायला जावास्क्रिप्ट शिकताय, म्हणून तिथल्या एका बगवर जरा थांबू. कारण तिथे क्रमाची हमी आहे आणि बग त्या हमीमुळेच होतो.

एकूण = एकूण + (थांब वजन_आण());

'थांब' म्हणजे जावास्क्रिप्टचं 'अवेट'. वजन_आण() इंटरनेटवरून वजन मागवतं, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. डावीकडून उजवीकडे हा नियम. म्हणून आधी डावीकडच्या 'एकूण'ची किंमत वाचून बाजूला ठेवली जाते. समजा ती ०. मग थांबणं. या थांबण्याच्या वेळात दुसऱ्या काट्यावरून हीच ओळ चालली. तिनेही 'एकूण' वाचला, अजून ०च. पहिल्याचं वजन आलं १२२०. ० + १२२० लिहिलं. दुसऱ्याचं आलं ९८०. तिच्या हातातला शून्य शिळा, पण तिला काय माहीत? ० + ९८० लिहिलं. एकूण ९८०. यायला हवे होते २२०० किलो, आणि १२२० किलो हवेत गेले. एकूण += असं आखूड लिहिलं तरी हेच होतं.

नेट वेगवान असताना, एकट्याने तपासताना हा बग कधीच दिसत नाही. गर्दीच्या दिवशी दिसतो. बरं करणं परत तेच: आधी थांबून वजन एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग पुढच्या ओळीत बेरीज करा. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये 'थांब' नको.

गूगलची गो भाषा आणखी वेगळी. तिथे फंक्शन कॉल आपसात डावीकडून उजवीकडे चालतात ही हमी आहे, पण शेजारचा साधा व्हेरिएबल त्या कॉलच्या आधी वाचला जाईल की नंतर, याची नाही. अर्धी हमी ही मला पूर्ण बेभरवशापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

जिथे ओळ म्हणजे पैसा

ब्लॉकचेनवरचे व्यवहार ज्या छोट्या प्रोग्रामने चालतात, त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एकदा टाकलेल्या कॉन्ट्रॅक्टचा कोड सहसा बदलता येत नाही आणि त्यातून थेट पैसे हलतात. त्यासाठीची सगळ्यात प्रसिद्ध भाषा सॉलिडिटी. तिच्या अधिकृत माहितीपत्रकात लिहिलंय की एक्स्प्रेशनच्या भागांचा क्रम ठरवलेला नाही. सॉलिडिटीत एक मजेशीर स्पर्धा होते: दिसायला निर्मळ पण आतून लबाड असा कोड लिहायचा. २०२२ साली जिंकलेल्या नोंदीने हाच खेळ वापरला. 'इव्हेंट' नावाच्या नोंदी करताना काही खास आर्ग्युमेंट उजवीकडून सोडवले जातात आणि बाकीचे नंतर डावीकडून. हे फार थोड्यांना माहीत होतं. त्या एका ओळीत आर्ग्युमेंट म्हणून फंक्शन बसवले की व्यवहाराचा हिशोब वाचणाऱ्याच्या अंदाजापेक्षा वेगळ्या क्रमाने होतो.

सॉलिडिटीची चुलत बहीण व्हायपर. ती दिसायला पायथनसारखी, आणि सुरक्षित, सरळ वाचता येणारी म्हणून बनवलेली. पायथन येणारा माणूस डावीकडून उजवीकडे गृहीत धरणारच. २०२३ साली व्हायपरच्या सुरक्षा सूचना निघाल्या, ०.३.९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी: काही तयार फंक्शन आणि काही चिन्हांच्या बाबतीत आर्ग्युमेंट लिहिलेल्या क्रमाने सोडवले जात नव्हते. बेरीज किंवा तुलना असेल तर दोन्ही बाजू कुठूनही सोडवा, उत्तर तेच, असं कोणालाही वाटेल. पण त्यातली एक बाजू फंक्शन असेल आणि ते फंक्शन खात्यातली शिल्लक बदलत असेल, तर दुसऱ्या बाजूला जुनी शिल्लक मिळते की नवी, हा पैशाचा प्रश्न होतो.

स्वतः कसं तपासायचं

फोनवर टर्मक्स असेल तर आत्ताच करून बघा. सुरुवातीची ओळ क्लँगने कंपाईल केली की तो आपणहून वॉर्निंग देतो: 'अ'मध्ये एकाहून जास्त बदल आणि त्यांचा क्रम ठरलेला नाही. जीसीसी आपणहून बोलत नाही, त्याला सगळ्या वॉर्निंग दाखवण्याचा 'वॉल' पर्याय द्यावा लागतो. कॉलेजमध्ये हा पर्याय लावून बघा आणि सरांना दाखवा. वाद घालायला म्हणून नाही, पण मशीन स्वतःच बोलतंय तर ऐकायला काय हरकत आहे?

मात्र काट्यावाली ओळ, निव्वळ(वजन_घे(), वजन_घे()), तिच्यावर या दोन्ही वॉर्निंग गप्प बसतात. फंक्शनच्या आत काय बदलतंय ते कंपायलर त्या नजरेने बघत नाही. तिथे वजन_घे()च्या आत एक प्रिंटएफ टाका, प्रत्येक वेळी वाचलेलं वजन छापून बघा आणि कोणतं वजन कोणत्या जागी गेलं ते ताडून घ्या. शक्य असेल तर क्लँग आणि जीसीसी दोन्हीवर चालवा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर बग सापडला. सारखं आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच कंपायलरची पुढची आवृत्ती किंवा वेग वाढवण्याचा एखादा पर्याय तो क्रम बदलू शकतो. म्हणून दुसऱ्याचा कोड वाचताना मी एका कंसात दोन फंक्शन कॉल दिसले की एवढंच विचारतो: यातलं एक दुसऱ्याच्या कामाला हात लावतंय का? दोघंही एकाच फाईलमधून वाचतात का, एकच व्हेरिएबल बदलतात का, एकाच काट्यावर उभे आहेत का? उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असेल तर ती ओळ तोडून तीन ओळी करतो, मग भाषा कोणतीही असो.